घाटमाथ्यावरील मुक्कामासाठी स्लीपिंग बॅगऐवजी हलकी क्विल्ट घ्यावी का?

खानापूरची पायवाट:

नमस्कार. हिवाळा सुरू झाला की मी दर वर्षी पारगड, कलानिधीगड, महिपाळगड, गंधर्वगड या चंदगड तालुक्यातील गडांवर आणि इकडे बेळगाव जिल्ह्यातील जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला मुक्कामी जातो. कधी गावातील देवळाच्या सभामंडपात पथारी पसरतो, तर कधी गावकऱ्यांच्या परवानगीने शेताच्या कडेला तंबू लावतो. माझ्याकडे कृत्रिम भरणाची स्लीपिंग बॅग आहे. तिचे वजन १.६ किलो असून लेबलवर ५ अंश सेल्सिअस हे आरामदायी तापमान छापलेले आहे. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे सरासरी किमान तापमान साधारण १३-१४ अंशांच्या आसपास असते आणि घाटमाथ्यावरील उघड्या माळावर ते त्याहून थोडे खाली जाते. त्यामुळे या बॅगेत मध्यरात्रीपर्यंत घामाने जीव नकोसा होतो. मग मी चेन पूर्ण उघडून ती नुसती अंगावर घेतो आणि पहाटे दव पडू लागले की पुन्हा आत शिरतो.

अलीकडे परदेशी पदभ्रमण करणाऱ्यांच्या लेखनात क्विल्ट या प्रकाराविषयी बरेच वाचले. पाठीकडची बाजू आणि डोक्यावरची टोपी काढून टाकलेले, पायाशी पिशवीसारखे बंद होणारे हे पांघरूण अर्ध्या वजनात तितकीच ऊब देते, असे सांगितले जाते. पाठ उघडी असताना ऊब कशी राहते, आपल्याकडच्या दमट हवेत पिसांचे भरण टिकते का आणि पुढच्या ऑक्टोबरअखेर उत्तराखंडातील हर की दूनला जाण्याचा विचार आहे तेथेही तीच क्विल्ट चालेल का, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. माझी उंची १७२ सेंटिमीटर आहे आणि मी बहुतेक रात्र कुशीवर झोपतो. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

माळावरचा वारा:

आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर पांघरुणापेक्षा अंथरुणात अधिक आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

स्लीपिंग बॅग असो वा क्विल्ट, ऊब देण्याचे काम कापड किंवा पिसे स्वतः करत नाहीत. भरणाच्या तंतूंमध्ये अडकून स्थिर राहिलेली हवा ते काम करते. आपण बॅगेत झोपतो तेव्हा पाठीखालचे भरण शरीराच्या भाराने चेपते, त्यातील हवा निघून जाते आणि तेथे जवळजवळ नुसते दोन पदर कापड उरते. पिसांच्या बाबतीत तर हे फारच जाणवते, कारण पिसे जितकी चांगली तितकी ती सहज दबतात. म्हणजे बॅगेच्या खालच्या भागातील भरण आपण पाठीवर वाहून नेतो, पण रात्री त्याचा उपयोग फारसा होत नाही. क्विल्टमध्ये तोच भाग वगळलेला असतो. ५ अंशांच्या रात्रीसाठी बनवलेली चांगल्या पिसांची क्विल्ट पाचशे ग्रॅमच्या आसपास बसू शकते, ती यामुळेच.

याचा अर्थ असा की खालून येणारी थंडी अडवण्याची सगळी जबाबदारी मॅटवर येते. मॅटचा उष्णतारोध आर-व्हॅल्यू या आकड्यात सांगतात. २०१८ मध्ये एएसटीएम या संस्थेने तो मोजण्याची समान पद्धत ठरवून दिली, त्यामुळे त्या पद्धतीने मोजलेल्या दोन मॅटची तुलना आता विश्वासाने करता येते. घडीची, उंचवटे असलेली फोमची मॅट साधारण २ आर-व्हॅल्यूची असते आणि आपल्या घाटमाथ्यावरील हिवाळ्याला ती पुरते. आत कोणतेही भरण नसलेली नुसती फुगवायची मॅट मऊ लागते, पण तिच्यातील हवा फिरत राहून शरीराची उष्णता जमिनीकडे पोहोचवते, त्यामुळे जाडी पाहून तिच्यावर विश्वास ठेवू नये. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर त्यांच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सभामंडपातील दगडी फरशी रात्रभर अंगातील ऊब ओढून घेत राहते. तेथे कुडकुडणारे लोक पांघरुणाला दोष देतात, पण बहुतेक वेळा उणीव त्यांच्या मॅटमध्ये असते. क्विल्टसाठी पैसे बाजूला काढणार असाल तर त्यातील पहिला वाटा मॅटसाठी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता लेबलवरील तापमानाविषयी. स्लीपिंग बॅगेसाठी आधी ईएन १३५३७ आणि २०१६ पासून आयएसओ २३५३७ हे मानक वापरले जाते. त्यात तापवलेल्या पुतळ्याला अंतर्वस्त्रे आणि मोजे घालून, मॅटवर ठेवलेल्या बॅगेत झोपवून मोजमाप घेतात आणि त्यावरून आरामदायी, मर्यादा आणि टोकाचे असे आकडे काढतात. आरामदायी आकडा सर्वसाधारण स्त्रीच्या निवांत झोपेसाठी, तर मर्यादेचा आकडा अंग आखडून झोपलेल्या सर्वसाधारण पुरुषासाठी असतो. टोकाचा आकडा जीव वाचण्यापुरता असून त्याकडे पाहून कोणीही खरेदी करू नये. क्विल्टवरील आकडा मात्र बहुतांशी त्या त्या उत्पादकाने आपल्या अनुभवाने ठरवलेला असतो आणि त्यामागे चांगली मॅट, डोक्याला टोपी आणि अंगात पुरेसे कपडे हे सर्व गृहीत धरलेले असते. त्यामुळे दोन्हींवर ५ अंश असे छापलेले असले, तरी ती वचने एकसारखी नसतात. क्विल्ट घेताना अपेक्षित तापमानापेक्षा पाच अंश अधिक थंडीची घ्यावी.

आपण कुशीवर झोपता, हा माझ्या दृष्टीने या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. उताणे आणि स्थिर झोपणाऱ्याला १२५-१३० सेंटिमीटर रुंदीची क्विल्ट पुरते. कुशीवर झोपणारा मनुष्य गुडघे पुढे घेतो, त्याच्या पाठीमागे क्विल्टची कड उचलली जाते आणि नेमकी कमरेपाशी फट पडते. या फटीतून आत येणारी हवा थोडीच असते, पण प्रत्येक वेळी कूस बदलताना आतली तापलेली हवा बाहेर ढकलली जाते आणि ती पुन्हा तापवण्यात शरीराची शक्ती जाते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे १४० ते १४५ सेंटिमीटर रुंदी, जेणेकरून दोन्ही बाजूंच्या कडा अंगाखाली खोचता येतील. दुसरा म्हणजे मॅटभोवती गुंडाळायचे दोन इलॅस्टिक पट्टे, ज्यांना क्विल्टच्या कडा अडकवता येतात. मी दोन्ही उपाय एकत्र वापरतो. पट्टे लावल्यावर क्विल्ट मॅटशी बांधलेली राहते आणि आपण आतल्या आत वळतो, बॅगेसारखी ती सोबत फिरत नाही.

उकाड्याचा आपला त्रास मात्र क्विल्टने नक्की संपेल. रात्री दहाला ती कमरेपर्यंत घ्यावी, बाराला खांद्यापर्यंत ओढावी आणि पहाटे गळ्याशी नाडी आवळावी. आपल्याकडे एकाच रात्रीत तापमान बरेच उतरते, तेथे ही सोय वजनाच्या बचतीपेक्षाही मोलाची वाटते.

शिलाई आणि सॅक:

वर सगळे शास्त्र आलेच आहे, मी भरण आणि शिवणकामापुरते लिहिते.

आपल्या भागासाठी पिसांची क्विल्ट घेऊ नये, असे मला वाटते. पिसे वजनाला हलकी आणि घडीला लहान असतात, हे खरे. फिल पॉवरचा आकडा, म्हणजे एक औंस पिसे किती घनइंच जागा व्यापतात ते माप, ८०० च्या पुढे असेल तर ती उत्तम मानतात. पण ओल लागली की पिसे एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि त्यांचा फुगवटा बसतो. कणकुंबीच्या बाजूला हिवाळ्यातील पहाटे तंबूच्या आतल्या कापडावरून पाण्याचे थेंब ओघळतात आणि पायाकडची बाजू तंबूला टेकली की तेवढा भाग हमखास ओला होतो. शिवाय जून ते सप्टेंबर या काळात खानापूर तालुक्यात कपाटातील कपड्यांनाही बुरशी धरते, तेथे पिसांची वस्तू चार महिने निगुतीने सांभाळणे सोपे नाही. पॉलिएस्टरचे भरण ओले झाले तरी बरीचशी ऊब राखते, पिळून झटकून उन्हात टाकले की लवकर वाळते आणि घरी धुता येते.

दुसरे असे की अशी क्विल्ट शिवून घेणे आपल्याकडे अवघड नाही. बेळगावातील शहापूर-वडगाव ही विणकरांची वस्ती असल्याने कापडाची पारख असलेली माणसे आणि शिवणकाम करणारे कारागीर तेथे सहज भेटतात. बाजारात पॅराशूट कापड म्हणून मिळणारे पातळ नायलॉन घ्यावे, त्यातही चौकडीची मजबूत वीण असलेले रिपस्टॉप मिळाले तर उत्तम. दुकानात उभे राहून एकच परीक्षा करावी. कापड ओठांवर घट्ट धरून जोरात फुंकर मारावी. हवा अजिबात पलीकडे जात नसेल तर कापडाला रेनकोटसारखा लेप दिलेला आहे, ते घेऊ नये, कारण अंगातील वाफ आतच अडकून भरण ओले होईल. हवा सहज जात असेल तर वाराही तितक्याच सहज आत येईल. दम लावल्यावर थोडीशी जाते, असे कापड निवडावे.

आपल्या उंचीला लांबी २०५ सेंटिमीटर, खांद्याशी रुंदी १४५ आणि पायाशी १०५ धरली तर क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या थोडे वर जाते. चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचे जॅकेटात वापरतात तसे पॉलिएस्टर वॅडिंग घेतल्यास भरण सुमारे ३८५ ग्रॅम होते. ४० ग्रॅमच्या कापडाचे दोन पदर २१० ग्रॅम आणि नाडी, इलॅस्टिक, बटणे मिळून ४० ग्रॅम. एकूण साडेसहाशे ग्रॅमच्या आत काम होते. अंगात लोकरी कपडे आणि खाली चांगली मॅट असेल तर एवढ्या भरणावर १०-१२ अंशांपर्यंत माझे भागते. क्लायमाशील्डसारखे अखंड तंतूंचे भरण मिळवता आले तर त्याच वजनात अधिक ऊब मिळते आणि त्याला मध्ये टाके घालावे लागत नाहीत, कडेची शिवण पुरते.

शिवताना दोन्ही कापडांच्या सुलट बाजू आतल्या बाजूने समोरासमोर ठेवाव्यात, वर वॅडिंग पसरावे, तीन कडा शिवाव्यात आणि उशीच्या अभ्र्याप्रमाणे सुलट करून चौथी कड बंद करावी. टाचण्या लावू नयेत, त्यांची भोके पातळ नायलॉनमध्ये कायम राहतात. कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावून कडा धरल्या की काम नीट होते. दोरा पॉलिएस्टरचा आणि सुई बारीक असावी. साधे वॅडिंग आत सरकू नये म्हणून पंचवीस-तीस सेंटिमीटरवर एकेक गाठ मारून टाका घालावा. गोधडीसारखी सलग धावदोऱ्याची ओळ घालू नये, कारण प्रत्येक ओळीवर भरण चेपून थंडी आत यायला वाट मिळते. माझ्या कारागिराने सवयीने ओळी आखायला घेतल्या होत्या. त्यांना भरण चिमटीत दाबून दाखवले तेव्हा ते लगेच समजले आणि पुढे स्वतःच त्यांनी गळ्यापाशी नाडीचा नेफा थोडा सैल ठेवण्याची सूचना केली, जी फार उपयोगी पडली. पायाकडून सुमारे ७५ सेंटिमीटरपर्यंत दोन्ही कडा टिच बटणांनी जोडता येतील अशा ठेवाव्यात आणि तळाला नाडी घालावी. उकाडा असेल त्या रात्री सगळे उघडून सपाट पांघरूण करता येते.

आणखी एक. क्विल्टला टोपी नसते, म्हणून कान झाकणारी माकडटोपी विसरू नये.

तिलारी खोरे:

सर्व सूचना उपयुक्त आहेत. एका गोष्टीचा उल्लेख राहिला आहे आणि ती आपल्या भागापुरती मला वजनाहून महत्त्वाची वाटते.

परदेशी लेखनात क्विल्ट घेऊन उघड्यावर, नुसत्या जमिनीवर झोपण्याचे फार कौतुक असते. आपल्या घाटात ते करू नये. क्यासनूर वनरोग, ज्याला आपल्याकडे माकडताप म्हणतात, तो १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळला आणि गोचिडीच्या चाव्यातून पसरतो. गेल्या दशकात त्याचे रुग्ण गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही सापडले. हे दोन्ही तालुके चोर्ला आणि तिलारीच्या पायथ्याचे, म्हणजे आपल्याला अगदी लागून आहेत. गोचिडींचा जोर पावसाळा संपल्यावरच्या कोरड्या महिन्यांत असतो आणि नेमका तोच आपला भटकंतीचा हंगाम आहे. दुसरी भीती मण्यार सापाची. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याच्या घटना वारंवार घडतात आणि त्याचा चावा इतका सौम्य असतो की झोपलेल्याला तो कळतही नाही.

बॅगेने यापासून पूर्ण संरक्षण मिळते असे नाही, पण क्विल्ट तर तीन बाजूंनी उघडी असते. म्हणून क्विल्ट वापरायची तर शिवलेला तळ आणि बारीक जाळी असलेल्या तंबूतच, चेन पूर्ण लावून, हे पथ्य पाळावे. देवळात मुक्काम असेल तर जाळीचा आतला तंबू तेवढा उभा करता येतो. क्विल्टमुळे वाचलेले किलोभर वजन बंद तंबूवर खर्च झाले तरी तो व्यवहार फायद्याचाच ठरतो. वाळलेल्या पाचोळ्यावर किंवा गुरे बसतात त्या जागी तंबू लावू नये आणि सकाळी क्विल्ट गुंडाळण्यापूर्वी उजेडात उलटसुलट करून पाहावी. फिक्या रंगाचे कापड घेतल्यास गोचीड चटकन दिसते.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीविना जाऊ नये, हेही नव्या वाचकांसाठी नोंदवून ठेवतो.

खानापूरची पायवाट:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रुंदीचा आणि मॅटचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. फिक्या रंगाची सूचनाही पटली. माझी सध्याची मॅट पातळ फोमची आहे, ती आधी बदलतो आणि मग शहापुरात चौकशी करतो. ताईंना एक विचारायचे आहे की हर की दूनसाठी अशीच, पण दुप्पट भरणाची दुसरी क्विल्ट शिवून घेणे शहाणपणाचे ठरेल का? गोवा एक्सप्रेसने दिल्लीपर्यंत आणि पुढे बसने डोंगरापर्यंत जायचे असल्याने सॅकमधील जागाही विचारात घ्यावी लागणार आहे.

शिलाई आणि सॅक:

दादा, दुसरी क्विल्ट शिवू नका. हर की दून साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि ऑक्टोबरअखेर तेथे रात्री तापमान शून्याखाली उतरते. अशा ठिकाणी क्विल्टच्या कडेची लहानशी फटही झोप मोडते. दुप्पट भरणाची कृत्रिम क्विल्ट वजनाने आणि आकाराने आपल्या बॅगेजवळच जाईल, मग तिचा फायदा काय उरला?

आपली सध्याची बॅग आणि नवी क्विल्ट एकत्र न्यावी. बॅगेत झोपून वरून क्विल्ट पसरली की दोन्ही भरणांची ऊब जोडली जाते. याचा आणखी एक लाभ असा की अंगातून निघणारी वाफ बाहेर जाताना थंड होऊन जेथे पाणी बनते, ती जागा आतल्या बॅगेऐवजी बाहेरच्या क्विल्टमध्ये सरकते. सलग अनेक रात्री थंडीत काढणारे लोक पिसांच्या बॅगेवर पातळ कृत्रिम क्विल्ट याच कारणासाठी घेतात. सकाळी क्विल्टचे बाहेरचे कापड ओलसर लागले तर न्याहारी होईपर्यंत तंबूवर उन्हात टाकावी.

वजन सव्वादोन किलोपर्यंत जाईल, हे मान्य आहे. परंतु ज्या संस्थेबरोबर जाणार आहात ती वरच्या तळावर स्लीपिंग बॅग पुरवते का, ते आधी विचारून घ्यावे. पुरवत असेल तर आपली बॅग घरी ठेवून फक्त क्विल्ट न्यावी. भाड्याच्या बॅगांचे भरण वर्षानुवर्षे दाबून दाबून बसलेले असते आणि ती उणीव ही क्विल्ट भरून काढते.

माळावरचा वारा:

या सूचनेला एक पुरवणी जोडतो, कारण ती कापड कापण्यापूर्वीच ठरवावी लागेल. बॅगेवर घ्यायची क्विल्ट अरुंद असेल तर ती वरून दाब देऊन बॅगेचे भरण चेपते आणि दोन्हींची मिळून ऊब वाढण्याऐवजी घटते. कारागिराकडे जाताना आपली बॅग सोबत न्यावी, तिच्यात गुडघे वाकवून कुशीवर झोपून घरच्या कोणाकडून तरी टेपने एका कडेच्या जमिनीपासून वरून दुसऱ्या कडेच्या जमिनीपर्यंतचे माप घ्यावे आणि त्यात दहा सेंटिमीटर मिळवावे. ते माप १४५ च्या पुढे गेले तरी कचरू नये. दहा सेंटिमीटर रुंदी वाढवल्याने क्विल्टचे वजन पन्नास ग्रॅमच्या आसपासच वाढते. हर की दूनसाठी मॅटची आर-व्हॅल्यू किमान ४ हवी, म्हणून नवी फोमची मॅट आणि आपली जुनी पातळ मॅट दोन्ही न्याव्यात आणि त्या मिळूनही ४ होत नसतील तर तेवढ्या एका मोहिमेपुरती भरण असलेली फुगवायची मॅट कोणाकडून तरी मागून न्यावी.